हाताला काय लागलं?

माझ्या हातून पहिला रोल गेला तो दिवे घाटात. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुणं सोडून सासवडच्या वाटेला लागते तेव्हा हा घाट चढते. वरच्या वळणावरून खाली पाहिलं की पताकांची रांग संपतच नाही. गळ्यात उसना आणलेला पेंटॅक्स के-१००० होता. काउंटरवर ३६ चा आकडा येऊन गेला होता, तरी आणखी एक फोटो निघेल या आशेनं मी लिव्हर ओढला. तो अर्ध्यात अडला. अंगठ्यानं जरा जोर दिला, तशी आत कुठेतरी बारीकसा हिसका बसला आणि लिव्हर एकदम सैल होऊन पुढे गेला. मग तळाचं बटण दाबून रिवाइंडचा क्रँक फिरवायला घेतला. तो रिकाम्या रहाटासारखा गरागरा फिरला. रोल लवकर गुंडाळला गेला म्हणून मला बरंच वाटलं. तीसेक फेरे मोजले आणि पाठ उघडली.

सगळी फिल्म उजव्या बाजूच्या रिळावर होती, भर दुपारच्या उजेडात.

ज्यांचा कॅमेरा होता त्या काकांनी आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले होते. मी झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "क्रँक फिरवताना हाताला काय लागलं?"

"काहीच नाही लागलं काका. अगदी हलका फिरला."

"मग त्यानं तुला सांगितलं होतं की! फिल्म गुंडाळली जात असली की हाताला ओढ लागते. ओढ नाही म्हणजे फिल्म तिच्या डबीत येत नाहीये. तिथंच थांबायचं."

रिवाइंडच्या सगळ्या दुखण्यांचं निदान या एका प्रश्नात आहे. कॅमेऱ्याची पाठ बंद असते आणि ती बंदच ठेवायची असते. डोळ्यांना आतलं काही दिसत नाही. आत काय चाललंय ते कळायला बोटं आणि कान एवढंच आपल्याजवळ असतं. बिघाडामुळे रोल जातात त्याहून जास्त रोल हाताला काहीतरी वेगळं लागल्यावरही आपण पुढे जोर लावतो किंवा पाठ उघडतो म्हणून जातात, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत आहे.

मुळात फिल्म मागे गुंडाळावी लागते हेच थोडं नवलाचं आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत एकेकाळी आग्फा क्लिक-३ असायचा. त्यात १२० नंबरचा रोल चाले. त्या फिल्मला पाठीशी काळा कागद असतो. फिल्म एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाते, शेवटी तोच कागद तिच्याभोवती गुंडाळला जातो, चिकटवायची पट्टी चिकटवली की काम झालं. रिवाइंड हा प्रकारच नाही. ३५ मिलिमीटरची फिल्म मात्र सिनेमातून आली. ऑस्कर बार्नाकनं सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, तो १९२५ मध्ये लायका म्हणून लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. १९३४ मध्ये कोडॅकनं रेटिना कॅमेऱ्याबरोबर कारखान्यातच भरलेली पत्र्याची डबी विकायला काढली, आणि तीच आजची १३५ ची कॅसेट. या डबीच्या तोंडाला काळ्या मखमलीची पट्टी असते. फिल्म तिच्यातून आतबाहेर करते, उजेड जात नाही. पण पलीकडच्या रिळाला असं काहीच आवरण नसतं. फिल्म एकेक फोटो घेत आपल्या घरातून बाहेर पडते आणि उघड्या अंगणात जाऊन गोळा होते. पाठ बंद आहे तोवर त्या अंगणात अंधार आहे. पाठ उघडण्यापूर्वी तिला परत घरात आणणं एवढंच रिवाइंडचं काम.

आता आतली रचना नीट डोळ्यांसमोर आणू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिकामा कॅमेरा पाठ उघडून हातात घ्या. डावीकडे डबीची जागा, मधे शटरची चौकट, तिच्या उजवीकडे दोन्ही टोकांना दात असलेला एक बारीक दंड, आणि त्याच्याही पलीकडे रीळ. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात आणि दंडाचे दात त्या भोकांत बसतात. लिव्हर एकदा पूर्ण ओढला की दंड फिल्मला बरोबर आठ भोकं, म्हणजे ३८ मिलिमीटर पुढे नेतो. फोटो ३६ मिलिमीटर रुंद, उरलेले दोन मिलिमीटर दोन फोटोंमधली फट. दंडाला उलटं फिरायची मुभा नसते, नाहीतर फोटो एकमेकांवर चढले असते. म्हणून रिवाइंडच्या आधी तळाचं ते बटण दाबायचं. बटण दाबलं की दंड गिअरपासून सुटतो आणि दोन्हीकडे मोकळा फिरू लागतो. डावीकडे क्रँकच्या खाली एक दुबेळकं असतं. डबीच्या पोकळ दांडीत एक आडवा दांडा असतो, त्याला ते दुबेळकं पकडतं. क्रँक बाणाच्या दिशेनं फिरवला की डबीची दांडी फिरते आणि फिल्म आत ओढली जाते.

सगळं सुरळीत असेल तर हाताला काय लागतं ते एकदा लक्षात ठेवून घ्यावं. सुरुवातीला एक मऊ पण सलग ओढ. कानाशी धरलं तर मखमलीवरून फिल्म घासण्याचा सळसळता आवाज. ३६ फोटोंच्या रोलला तीसच्या आसपास फेरे लागतात. शेवटी ओढ क्षणभर किंचित वाढते, मग रिळात अडकलेलं टोक सुटतं, एक अगदी हलकी टिचकी बसते आणि क्रँक एकदम सैल होतो. ही टिचकी महत्त्वाची. ती आली म्हणजे फिल्म रिळावरून सुटली. तिच्यानंतर दोन-तीन फेरे जास्त दिले की फिल्मचं टोकही डबीत जातं. ते पूर्ण आत घालवावं असंच मी म्हणेन. टोक बाहेर राहिलेला वापरलेला रोल आणि कोरा रोल दिसायला सारखेच असतात, आणि चुकून तोच पुन्हा भरला तर एका लग्नावर दुसऱ्याचं बारसं छापलं जातं.

आता बिघाडांकडे वळू. क्रँक पहिल्या फेऱ्यापासूनच हलका फिरतोय, हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण तो सगळं छान चाललंय असं भासवतो. त्याच्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघींवरचा उपाय वेगळा आहे. पहिली, फिल्म उजव्या रिळावर कधी चढलीच नव्हती. रोल भरताना टोक रिळाच्या फटीतून निसटलं आणि आपण छत्तीस वेळा रिकामा लिव्हर ओढत राहिलो. लोक काउंटरवर विसंबतात, पण बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत काउंटर लिव्हरच्या हालचाली मोजतो, त्याला फिल्मची काही खबर नसते. दुसरी, माझ्या वारीतल्या रोलसारखी. फिल्मचं दुसरं टोक डबीच्या दांडीला नुसतं चिकटपट्टीनं लावलेलं असतं, ते जोर लावल्यानं सुटलं, आणि आता सगळी फिल्म रिळावर आहे. तिसरी, फिल्म जागेवर आहे पण दुबेळकं डबीच्या दांड्यात बसलेलं नाही, त्यामुळे क्रँक एकटाच फिरतोय.

बंद डब्यात यातलं कुठलं घडलंय ते कसं ओळखायचं? आठवणीवरून. शेवटी लिव्हर कसा लागला ते आठवा. काउंटर ३६ गेला, ३८ गेला, ४० आला आणि लिव्हर शेवटपर्यंत हलकाच राहिला, तर फिल्म चढलीच नव्हती. छत्तीस फोटोंची फिल्म चाळीसाव्यापर्यंत अशी हसतखेळत पुरत नाही. मन खट्टू होतं खरं, पण फिल्म कोरी आहे, ती पुन्हा भरता येते. याच्या उलट लिव्हर ३६-३७ ला घट्ट अडला होता, मग हिसका बसून सुटला, आणि त्यानंतर क्रँक हलका झाला, तर फिल्म दांडीपासून निसटली आहे हे धरूनच चाला. आणि लिव्हर अडला, तुम्ही जोर लावला नाही, तरीही क्रँक हलका आहे, तर दुबेळक्याचा संशय घ्या. क्रँकची खुंटी अर्धवट वर उचललेली तर नाही ना ते बघा. असली तर फिरवत फिरवत हळूच खाली दाबा. दुबेळकं बसलं की ओढ लगेच हाताला लागते.

इथे एक धोका आहे. के-१०००, कॅननचा एई-१, ऑलिंपसचा ओएम-१ अशा कितीतरी कॅमेऱ्यांत ही खुंटी वर ओढली की पाठ उघडते. निकॉनच्या एफएम-२ मध्ये शेजारचा एक छोटा खटका सरकवल्याशिवाय ती वर येत नाही, बाकी अनेकांत अशी सोय नाही. म्हणजे ज्या खुंटीशी आपण खेळत असतो तीच दाराची कडी आहे. दाबायची, ओढायची नाही.

दुसरा प्रकार, क्रँक मुळात हलतच नाही. यात बहुतेक वेळा बिघाड नसतोच, बटण नीट दाबलं गेलेलं नसतं. ते जरा खोलगट जागेत असतं, जाड बोट पूर्ण आत जात नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते एकदा दाबलं की आतच राहतं आणि पुढच्या रोलला लिव्हर ओढल्यावर आपोआप वर येतं. काहींत मात्र गुंडाळून होईपर्यंत ते दाबून धरावं लागतं. जुनं झालेलं बटण मधेच उसळून वर येतं. शंका आली की डाव्या हाताच्या बोटानं ते दाबून धरावं आणि उजव्या हातानं क्रँक फिरवावा. सगळ्या कॅमेऱ्यांचं बटण तळाला असतं असंही नाही. ओएम-१ मध्ये आणि लायका एम-३ मध्ये पुढच्या अंगाला 'आर' अक्षराशेजारी एक छोटी कळ वळवायची असते. झोर्की-४ मध्ये शटरच्या बटणाभोवतीचं कडं फिरवावं लागतं. वारशानं आलेला किंवा जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा असेल तर रोल भरण्याआधीच ही कळ शोधून ठेवावी. रोल संपल्यावर भर कार्यक्रमात शोधायची ही गोष्ट नाही.

याच प्रकाराचं एक उपदुखणं असं. फिल्म संपली तेव्हा लिव्हर अर्ध्यात अडकला आहे, ना पुढे जातो ना मागे येतो. त्याच्यावर जोर करू नका. आधी रिवाइंडचं बटण दाबा. दंड मोकळा झाला की लिव्हर आपली उरलेली फेरी पूर्ण करून परत जागेवर येतो. मात्र लिव्हर हलला की बटण पुन्हा वर आलेलं असू शकतं. क्रँकला हात लावण्यापूर्वी ते पुन्हा एकदा दाबा.

तिसरा प्रकार मला सगळ्यात नाजूक वाटतो. क्रँक चांगला फिरत होता, सळसळ ऐकू येत होती, आणि दहा-बारा फेऱ्यांनंतर तो अडला. कधीकधी अडण्याआधी कट-कट-कट असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे दंडाचे दात एकेक भोक फाडत चालले आहेत. आवाज आला त्या क्षणी हात थांबला पाहिजे. बटण वर आलंय का बघा, पुन्हा दाबा. क्रँक अर्धा फेरा उलट सोडा, म्हणजे ताण निघेल. मग मुंगीच्या पावलानं पुन्हा पुढे. पुष्कळदा एवढ्यानं गाडी मार्गी लागते. लागली नाही, तर आत फाटलेल्या कडेचा तुकडा कुठेतरी अडकलाय आणि यापुढे बाहेरून काही होण्यासारखं नाही.

हा प्रकार हातानं भरलेल्या डब्यांत जास्त आढळतो. पूर्वी आपल्याकडचे स्टुडिओवाले १०० फुटांचा मोठा रोल आणून त्यातून अठरा-एकोणीस डब्या घरीच भरत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म त्या काळात गावोगावच्या स्टुडिओंत असे. डब्या पुन्हापुन्हा वापरल्या जात. मखमलीत धूळ बसे, त्या धुळीनं फिल्मवर लांबच लांब ओरखडे उठत. कोणी चाळीस फोटोंची फिल्म दाबून भरलेली असे, ती परत आत मावताना घट्ट होऊन अडे. आजही पैसे वाचवायला डब्या घरी भरणारे लोक आहेत. त्यांनी छत्तीसवर थांबावं आणि मखमल झिजली, धुळीनं खरखरली की डबी टाकून द्यावी.

फिल्म कशाची बनली आहे यानंही फरक पडतो. नेहमीच्या बहुतेक फिल्म अॅसिटेटच्या पट्टीवर असतात, ती जोर पडला की फाटते. काही फिल्म पॉलिस्टरवर असतात, त्या हातानं ताणून पाहिल्या तरी तुटत नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण फिल्म तुटली नाही की जोर कॅमेऱ्याच्या गिअरवर येतो. फाटलेली फिल्म हे एका रोलचं नुकसान. मोडलेल्या दाताचा सुटा भाग मिळवणं आज त्याहून कितीतरी अवघड आहे.

वेगाबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. गुंडाळताना घाई करू नये. लडाखसारख्या थंड, कोरड्या हवेत फिल्म भराभर ओढली तर घर्षणानं स्थिर वीज तयार होते आणि तिच्या ठिणग्यांच्या खुणा फिल्मवर उमटतात. निगेटिव्ह धुऊन आल्यावर आभाळात विजेच्या फांद्या दिसतात. कोकणात पावसाळ्यात उलटी तऱ्हा. दमट हवेत फिल्मवरचा जिलेटिनचा थर ओल धरतो, मऊ पडतो, ओढ जड लागते. दोन्हीकडे उपाय तोच, सावकाश.

समजा, सगळं करून झालं आणि फिल्म आतच आहे. आता काय करायचं?

आधी काहीच करायचं नाही. हे मी मनापासून सांगतो, कारण घाबरलेल्या माणसाला वेळ जातोय असं वाटत असतं. वेळ जात नसतो. शटर उघडलं त्या क्षणी फोटो फिल्मवर पडलेला आहे. तो अजून दिसत नाही इतकंच. अंधारात आणि थंड जागी तो दिवसच काय, आठवडे सुखरूप राहतो. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक रबरबँड चढवा, 'आत फिल्म आहे, उघडू नका' अशी चिठ्ठी लावा आणि घरी या. कॅमेरा गाडीच्या काचेपाशी उन्हात तापत ठेवू नका. रात्र झाली की काम सुरू करा.

सगळ्यात चांगली चेंजिंग बॅग. काळ्या जाड कापडाची दुहेरी पिशवी, दोन चेन आणि हात घालायला इलॅस्टिकच्या बाह्या. ती नसेल तर खिडकी नसलेली न्हाणीघरासारखी खोली रात्री चालते. दाराच्या फटीला टॉवेल लावा, गीझरचा लाल दिवा बंद करा, मोबाइल आणि काटे चमकणारं घड्याळ बाहेर ठेवा. मग आत पाच-दहा मिनिटं नुसते बसा. डोळे अंधाराला सरावले की ज्या फटी आधी दिसल्या नव्हत्या त्या दिसू लागतात. चेहऱ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत असेल तर अजून अंधार झालेला नाही.

इथे एका समजुतीनं अनेकांचे रोल घालवले आहेत. सिनेमात डार्करूम म्हटली की लाल दिवा दाखवतात, म्हणून लाल दिव्यात फिल्मला काही होत नाही असं लोकांना वाटतं. तो दिवा प्रिंटच्या कृष्णधवल कागदासाठी असतो, त्या कागदाला लाल रंग दिसत नाही. आजच्या नेहमीच्या कृष्णधवल फिल्म सगळ्या रंगांना संवेदनशील असतात आणि रंगीत फिल्म तर असणारच. फिल्मला लाल उजेडही उजेडच. तिला मिट्ट काळोख लागतो.

काळोख करण्यापूर्वी लागणाऱ्या वस्तू हाताशी, ठरलेल्या जागी मांडून ठेवा. एक काळी, उजेड न जाणारी डबी झाकणासकट, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री. फिल्मबरोबर मिळणारी काळी प्लॅस्टिकची डबी चालते, पारदर्शक पांढरट डबी अजिबात नाही. आधी एखाद्या वाया गेलेल्या फिल्मवर डोळे मिटून हे सगळं दोनदा करून पाहावं. अंधारात बोटं ओळखीच्या वाटेनंच जातात.

मग पाठ उघडा. उजवा अंगठा रिळाकडे न्या, तिथे फिल्मचा गुंडाळा हाताला लागेल. फिल्म नेहमी कडांना धरायची, सपाट पृष्ठभागाला बोट लागू द्यायचं नाही. डबी अजून फिल्मला जोडलेली असेल तर नशीब चांगलं आहे. क्रँकची खुंटी वर करून डबी बाहेर काढा, फिल्म रिळावरून हलकेच सोडवा, आणि डबीची बाहेर आलेली दांडी बोटांनी फिरवत फिल्म आत घ्या. क्रँकनं जे झालं नाही ते इथे होतं, कारण दंडाचे दात वाटेत नाहीत. फिल्म दांडीपासून सुटलेली असेल तर रिळावरून काढून तिला तिच्या स्वाभाविक वळणानं, आतल्या बाजूला वळत, सैलसर गुंडाळा. ती घट्ट आवळायची नाही, ओरखडे येतात. गुंडाळी काळ्या डबीत ठेवा, झाकण लावा, झाकणाभोवती चिकटपट्टी फिरवा. कडा जिथे फाटल्यात तिथे बोटाला करवतीसारखं लागेल. ती फिल्म मखमलीतून परत ढकलायच्या नादी लागू नका, पुन्हा अडेल. तीही काळ्या डबीतच.

दिवा लावायच्या आधी एक गोष्ट करा. कॅमेऱ्याच्या आत आणि मांडीवर हात फिरवून फिल्म खरंच सगळी डबीत गेली ना ते चाचपा. फाटलेल्या रोलचा पाच-सहा फोटोंचा तुकडा रिळावर राहून जातो आणि दिवा लागल्यावर दिसतो.

मग डबीवर ठळक लिहा, 'सुटी फिल्म, फक्त अंधारात उघडा', आणि खाली फिल्मचं नाव. लॅबमध्ये देताना तोंडीही सांगा. रंगीत फिल्म धुणारी यंत्रं फिल्मचं टोक पकडून तिला रसायनांतून ओढत नेतात. फाटक्या कडेची फिल्म त्यात अडकली तर तुमच्याबरोबर दुसऱ्यांचेही रोल जातील. आधी सांगितलं तर लॅबवाला ती टाकीत हातानं धुऊ शकतो. कृष्णधवल फिल्म तुम्ही स्वतः धूत असाल तर डबीचा फेराच वाचतो. चेंजिंग बॅगेत कॅमेऱ्यातून काढून थेट टाकीच्या चक्रीवर चढवा.

पाठ चुकून उघडलीच तर? ताबडतोब बंद करा आणि रोल गेला असं समजून फेकू नका. फिल्म रिळावर एकावर एक थरांत असते. सगळ्यात बाहेरचे फोटो शेवटी काढलेले, सगळ्यात आतले पहिले. उजेड बाहेरच्या थरांना खातो, आत जाता जाता विरतो. डबीतली न वापरलेली फिल्म तर सुरक्षितच असते. माझ्या त्या रोलमधले पुण्यात पहाटे काढलेले पहिले नऊ फोटो असे वाचले. त्यांच्याही कडांना, भोकांच्या रांगेतून उजेड शिरलेला, प्रिंटमध्ये केशरी ठिपक्यांची झालर आली आहे. त्यातल्या एकात एक आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन निघाल्या आहेत. काकांनी तो फोटो पाहिला आणि झालर कापून न टाकता तसाच मोठा करायला सांगितलं. तो आजही माझ्या भिंतीवर आहे.

राहिला कॅमेरा. फिल्म फाटली असेल तर तिचे नखाएवढे तुकडे आत राहतात, आणि पुढच्या रोलला तेच आडवे येतात. पाठ उघडी ठेवून कॅमेरा उलटा धरा, हलकेच थोपटा. रबरी फुंकणीनं दंडाच्या आजूबाजूला, रिळाखाली, डबीच्या जागेत हवा मारा. शटरच्या पडद्याला बोट किंवा फुंकणीचं टोक लावू नका. चिमट्यानं दिसतील ते तुकडे उचला. मग रिकामा कॅमेरा दहा-बारा वेळा ओढून, शटर दाबून पाहा. लिव्हरची चाल प्रत्येक वेळी सारखी लागली पाहिजे. बटण दाबा, रिवाइंडची खुंटी फिरवा, दंड बोटानं फिरवून बघा, तो दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे. नाही फिरला तर तो दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा कॅमेरा आहे, रोल भरायचा नाही.

फिरला, तर नवा रोल. टोक रिळाच्या फटीत नीट घाला आणि पाठ लावायची घाई करू नका. एक फोटो उघड्यावरच जाऊ द्या. फिल्म रिळावर निदान एक पूर्ण वेढा चढलेली आणि दोन्ही कडांची भोकं दातांवर बसलेली डोळ्यांनी बघा. पाठ बंद करा. आता क्रँक बाणाच्या दिशेनं अगदी हळू फिरवून डबीतला सैलपणा काढून घ्या, ओढ लागली की लगेच थांबा. मग लिव्हर ओढा आणि लक्ष डावीकडे ठेवा. फिल्म डबीतून बाहेर पडत असेल तर तिच्याबरोबर क्रँकची खुंटी आपोआप उलटी फिरते. ती फिरताना दिसली की मी दोन कोरे फोटो घेतो, काउंटर एकावर आणतो आणि कॅमेरा गळ्यात अडकवतो.